पेत्रानेराची शाळा

"शनिवारचीच बोट धरा," गास्पारे म्हणाला. "रविवारावर विसंबलात आणि वारा सुटला, तर सोमवारी शाळा तुमच्याशिवायच उघडेल."

"उघडणारच नाही," वीता म्हणाली. "मी पोचले नाही तर कायमचं कुलूप लागणार. त्यांना नेमकं एक माणूस कमी पडतंय."

दोघं इमारतीच्या दारापाशी, सावलीतल्या बाकावर बसली होती. वीताच्या मांडीवर शेंगा सोलायची परडी होती. मागच्या हिवाळ्यात ती वरच्या मजल्यावर बहिणीकडे राहायला आली. आधी कुठे होती, काय करायची, हे गास्पारेने कधी विचारलं नव्हतं. बायको गेल्यापासून तो फारसं कुणाशी बोलतच नसे. पण पेत्रानेराला जायचंय म्हटल्यावर त्याची जीभ सुटली. इथल्या त्रापानी बंदरातून त्या बेटाला जाणाऱ्या बोटींवर दोरखंड फेकण्यात त्याचा जन्म गेला होता.

"चाकांची बॅग नको. धक्क्यापासून वर सगळ्या पायऱ्याच. पाठीवरची घ्या."

"पाठीवर? या वयात?" वीता इतकी हसली की शेंगा सांडल्या.

"हसा, हसा. पायऱ्या चढताना माझी आठवण काढाल. गोळ्या भरपूर न्या, डॉक्टर बोटीनेच येतो, आणि समुद्र खवळला की तोही घरी बसतो. लोकरीचं न्या. हिवाळ्यात तिथली घरं बाहेरपेक्षा आत गार. थांबा, लिहूनच देतो."

"लिहू नका. सांगा नुसतं, माझ्या डोक्यात राहतं."

आणि खरंच, दुसऱ्या दिवशी तिने सगळं जसंच्या तसं म्हणून दाखवलं. गास्पारे चाट पडला. मास्तरीण ती मास्तरीण, त्याने मनाशी म्हटलं. निवृत्तीला आलेल्या बाईला आडबेटावर धाडणाऱ्या सरकारला त्याने मनसोक्त शिव्या घातल्या.

"पोरं किती आहेत तिथं?"

"दोन मुली. एक माझ्या भाचीचीच. भाचीनेच फोन केला, मावशी, तू ये, नाहीतर शाळा जाते. शाळा गेली की तीही बेट सोडणार. मग बाकीचेही."

"दोन पोरी! आमच्या वर्गात चाळीस होतो, आणि मास्तर झोपलेला."

वीता हसली नाही. शेंगेकडे बघत म्हणाली, "भीती वाटते हो, गास्पारेभाऊ. मुली हसल्या तर? मला नाहीच जमलं तर?"

"पहिल्या दिवशी हसणारच. डोळे वटारायचे. आणि जमायला काय झालं? विसरायची गोष्ट आहे का ती, मास्तरीणबाई?"

तिचा चेहरा लालभडक झाला. काहीतरी सांगायला तिने तोंड उघडलं आणि परडी उचलून ती वर निघून गेली. बाईमाणूस लाजाळू, गास्पारेला वाटलं. त्याला ते आवडलंही.

शनिवारी दक्षिणेचा वारा सुटला. गास्पारे बॅग धरून बंदरापर्यंत सोबत आला. तिकिटाच्या खिडकीवर कागद चिकटवला होता. वीता त्या कागदासमोर उभी राहिली.

"काय लिहिलंय? चष्मा राहिला बघा घरी."

"जलद बोट रद्द." गास्पारेने तिला थेट जुन्या मोठ्या बोटीकडे नेलं. वर त्याचा जुना सोबती पेप्पे दोर सोडत होता. "जाते का रे?"

"जाते. परत कधी येईल ते माता मरियमला ठाऊक!"

वीताचा चेहरा पांढरा पडला. ती आजवर बोटीत बसलीच नव्हती. तरी तिने पाऊल पुढे टाकलं.

गास्पारेने एकदा रिकाम्या रस्त्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. "चला. पोटात ढवळलं की धरायला कुणीतरी हवं."

"अहो, तुमचे कपडे?"

"एका शर्टावर हिवाळे काढलेत मी."

वाटेत तिला दोनदा उलटी झाली. त्याची बाही तिने घट्ट धरून ठेवली होती, पण परत जाऊ असं एकदाही म्हणाली नाही. धक्क्यावर भाची वाट बघत उभी होती. तिने मावशीला मिठी मारली आणि रडायलाच लागली.

रविवारी एकही बोट फिरकली नाही. भाचीने मासे घालून जाड रव्याचा कुसकुस केला. गास्पारेच्या ताटात तिने न विचारता दुसऱ्यांदा वाढलं, आणि असं कुणी वाढून किती वर्षं झाली, ते काही त्याला आठवेना. वारा आणखी चार दिवस राहिला तरी आपली हरकत नाही, असं त्याच्या मनात येऊन गेलं.

सोमवारी सकाळी सगळं बेट शाळेपाशी लोटलं. शाळा म्हणजे चुना लावलेली एकच खोली. वीताने इस्त्रीचा ब्लाउज घातला होता. दाराशी ती गास्पारेकडे वळली.

"मी तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं," ती म्हणाली.

"संध्याकाळी सांगा. आता ताठ मानेनं आत जा."

ती आत गेली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. गास्पारे खिडकीशी उभा राहिला. पुढच्या दोन बाकांवर दोन मुली बसल्या होत्या, आणि फळ्यापाशी केस वर बांधलेली पंचविशीतली एक तरुणी उभी होती.

"ही कोण? मदतनीस?" त्याने भाचीला विचारलं.

"शू! ऐका."

तरुणीने हातातला खडू खाली ठेवला आणि नावं पुकारायला सुरुवात केली.

"रोझालिया?"

"हजर."

"मारीना?"

"हजर."

"वीता?"

तिसऱ्या बाकात गुडघे कसेबसे कोंबून बसलेली वीता धडपडत उभी राहिली.

"हजर!"