बिनसाखरेचं गोड पाणी

चौथी बाटली दोरीला बांधून ताईने पाण्यात सोडली आणि मनात म्हटलं, पी बाई, पोटभर पी. धाकटी उताणी झाली, बाटली रिकामी केली, सोडून दिली आणि पुन्हा हात मारायला लागली. होडीला बोट जरी लागलं तरी बाद, असा नियम. त्यामुळे तलाव पार करणारीचं खाणंपिणं सगळं त्या दोरीवर चालतं, आणि दोरी होडीतल्या माणसाच्या हातात असते.

बाटलीत लिंबू होतं, मीठ होतं, गोडवाही होता. साखर तेवढी नव्हती. आई चहात टाकते त्या मधुमेह्यांच्या गोड गोळ्या ताईने सकाळी कुटून घातल्या होत्या. जीभ फसते, स्नायू फसत नाहीत. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर असं जोरात पोहताना दोन-अडीच तासांत संपत येते. मग उरते चरबी. ती रग्गड असते, पण तिचा कारभार सावकाश. ओल्या लाकडासारखी धुमसते, भडका काही उडत नाही. हे ताईला कुणी शिकवायची गरज नव्हती.

नऊ वर्षांपूर्वी याच तलावात ती पोहत होती आणि बाटल्या भरायला होडीत धाकटी होती. समोर किनारा दिसत असताना ताईचे हात उचलेनासे झाले. चौघांनी धरून तिला वर घेतलं. दुसऱ्या दिवशी धाकटीच्या पिशवीत त्याच गोळ्यांची रिकामी डबी सापडली. आईसाठी आणली होती, असं ती बेधडक सांगून मोकळी झाली, आणि आईनेही मान डोलावली. पोहणं शिकवणारे सर म्हणाले, दम कमी पडला की माणूस कारणं शोधतो. ताई त्यानंतर पाण्यात उतरली नाही. राग मात्र तिने जिवापाड जपला.

आणि गेल्या महिन्यात धाकटीनेच सरांना सांगितलं, माझ्या बाटल्या ताई भरेल. सरांच्या भुवया वर गेल्या. ताईला तर हसूच आलं. सावज आपल्या पायाने चालत आलंय म्हटल्यावर नाही कोण म्हणेल?

अडीच तासांनी धाकटीची लय मोडली. तीन तासांनी ती कुडकुडायला लागली. ताई डोळे भरून बघत होती. अस्संच झालं होतं मला, अगदी अस्संच. आता हात वर कर, पुरे झालं म्हण, मग बघू सर तुझ्या दमाबद्दल काय बोलतात ते. पण मेली हात वर करेल तर शपथ. नुसत्या चरबीवर रेटत होती, रडतखडत, पण रेटत होती. बाहेर काढू का, असं सरांनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तिने मान हलवून नको म्हटलं.

आठव्या बाटलीच्या वेळी धाकटीचे ओठ निळे पडले होते. बोटं वळत नव्हती. नऊ वर्षं ज्याची वाट पाहिली ते समोर होतं, आणि आता ते तिला बघवत नव्हतं. पोटाखाली हात धरून या पोरीला तरंगायला शिकवलं होतं ते तिनेच. सर होडीच्या पुढच्या टोकाला किनाऱ्याचा अंदाज घेत होते. ताईने घाईघाईने पिशवी उघडली. तळाशी खऱ्या साखरेची एक बाटली होती, कुणी तपासलंच तर दाखवायला ठेवलेली. ती तिने दोरीला बांधली आणि खाली वाकली.

"ही पी," ती हळूच म्हणाली. "हिच्यात साखर आहे. आधीच्या एकीतही नव्हती."

धाकटीने बाटली हाताच्या पालथ्या बाजूने लांब ढकलली.

"माहितीये मला," ती दातांवर दात आपटत म्हणाली. "तुला मी पाच तास पोहायला लावलं होतं, ताई. माझे आत्ताशी चारच झालेत."