परीक्षक सुट्टीवर

"तोंडातून एक शब्द जरी निघाला ना," बॉनीने हॉलच्या दारातच आईला बजावलं, "तर पुन्हा तुला काही म्हणजे काही दाखवणार नाही. चित्र नाही, अभ्यास नाही, हलणारा दातसुद्धा नाही."

"एक शब्द नाही," नरेल म्हणाली. आणि लगेच, "केस मागे घे, डोळ्यांत जातायत."

"आई."

"हे दाराबाहेर झालं. आत गेल्यापासून मोज."

बॉनी नऊ वर्षांची होती आणि बोललेलं करून दाखवणारी होती. गावच्या कृषिमेळ्यात केकच्या टेबलाची परीक्षक म्हणजे नरेल. मार्चमध्ये तिने सख्ख्या लेकीच्या, चॉकलेटात बुडवून खोबऱ्यात घोळवलेल्या लॅमिंग्टन केकना बक्षिसाची रिबन नाकारली, का तर एका बाजूला खोबरं विरळ लागलंय. आता खोबरं विरळ होतंच, त्याला नरेल तरी काय करणार! पण तेव्हापासून ती खोलीत आली की लेकीचा कागद पालथा पडायचा. भल्या भल्या बायका तिच्यापुढे केक ठेवून श्वास रोखून उभ्या राहत, आणि घरातली पोर तिला साधी बेरीज दाखवीना. हे नरेलला फार लागलं होतं. म्हणून तर शनिवारची सकाळ मोडून ती इथे आली होती.

हॉलात आईबाप आणि मुलं जोडीजोडीने बसली होती. प्रत्येकाला जाड सुटी पानं दिलेली. त्यांवर मनाला येईल ते रंगवायचं, चिकटवायचं, खरडायचं आणि शेवटी दोऱ्याने शिवून त्याची वही करायची. त्याने म्हणे जीव शांत होतो. शिकवणारी सास्किया शहरातून आली होती आणि अनवाणी फिरत होती. "इथे चुकीचं असं काही नसतंच," ती मऊ आवाजात म्हणाली, आणि नरेलला प्रश्नच पडला. चुकीचं काही नसेल तर माणसाने बघायचं तरी काय?

तिने पर्समधून पट्टी काढली आणि पानाला चारी बाजूंनी समास आखला. सास्किया मागून आली, "किती नेटकं," म्हणाली आणि जाताना पट्टी घेऊन गेली.

शेजारी बॉनीने आभाळ तपकिरी रंगवलं. नरेलने जीभ दाताखाली धरली. मग एक कललेलं घर आलं. मग घराहून मोठी कोंबडी आली. कोंबडीला तिसरा पाय फुटला तेव्हा नरेलने पुढ्यातलं बिस्किट अख्खंच्या अख्खं तोंडात कोंबलं.

समोर कॉलिन नातवाला घेऊन बसला होता. दुभत्या गाई सांभाळणारा गडी, पण फ्रूटकेकचा नादी. आणि दरसाल त्याच्या केकवर नरेलचा शेरा ठरलेला, कोरडा. त्याला आज आयतीच संधी मिळाली.

"कोंबडी झक्क जमलीय हं, बॉनी," तो म्हणाला. "काय नरेल, किती मार्क?"

बॉनीचा ब्रश थांबला.

"हं," नरेल भरल्या तोंडाने म्हणाली.

"हं म्हणजे दहापैकी किती?"

"कॉलिन, तू आपलं बघ."

"माझ्यात काय बघायचंय? माझं कोरडं असतं, तूच सांगतेस."

सगळं टेबल हसलं. बॉनीही हसली. नरेलला घाम फुटला होता, पण शब्द पाळला गेला होता. आणि मग बॉनीने थोडं घुटमळत आपलं पान सरळ तिच्यापुढे सरकवलं.

"बघ," ती म्हणाली.

इतक्या महिन्यांनी एक पान सुलटं समोर आलं होतं. नरेलने ते दोन्ही हातांनी अलगद उचललं. आणि हातांनी आपली नेहमीची कामगिरी बजावली. गार करायच्या जाळीचे वळ बुडाला उठलेत का हे बघायला केक पालथा करतात, तसं तिने पान पालथं केलं, तळ न्याहाळला, पुन्हा सुलटं केलं आणि मधोमध अंगठा दाबला.

कोंबडी ओली होती. निम्मी नरेलच्या पांढऱ्या पँटवर गळली, उरलेलीच्या पोटात अंगठा उमटला. टेबलावर कुणी हसलं नाही. कॉलिनसुद्धा छताकडे बघायला लागला.

"मी काही बोलले नाही," नरेल म्हणाली.

"तळ बघितलास."

"सवय गं. हात आपोआप जातो."

"कागदाला तळ नसतो, आई."

नरेलला आता रडूच यायचं बाकी होतं. "मला दुसरं काही बघताच येत नाही, बॉनी," ती हळू आवाजात म्हणाली. "कसं बघायचं असतं, ते तू तरी सांग."

बॉनीने तिच्याकडे रोखून बघितलं. मग आईचं आखीव पान पुढ्यात ओढलं आणि त्याचा कोपरा टर्रकन फाडून टाकला. नरेलचा हात तडक चिकटपट्टीकडे निघाला. बॉनीने तो मधेच पकडला आणि गोंदाने बरबटलेल्या आपल्या तळव्याखाली टेबलावर दाबून धरला.

"आता?" नरेलने विचारलं.

"आता काही नाही. नुसतं बघायचं."

"किती वेळ?"

"आई."

दोघी फाटक्या कोपऱ्याकडे बघत बसल्या. वेळ संपल्याचं सास्कियाने सांगितलं, खुर्च्या सरकल्या, कॉलिनने नातवाची टोपी शोधली. त्या दोघी हलल्या नाहीत. दोन्ही हातांमधला गोंद एव्हाना सुकत आला होता. फारच जास्त लागला होता तो, नको तिथे, चांगला बोटभर जाड. नरेलला ते स्पष्ट दिसत होतं. ती काही बोलली नाही.