खुलाशाचं क्रियापद

एमिलिओच्या पत्राला श्रीपादरावांनी अजून उत्तर दिलं नव्हतं. पत्र दिवाळीत आलं होतं, आता संक्रांतही उलटली होती.

डोंबिवलीतल्या घरात, जेवणाच्या टेबलावर स्पॅनिश शब्दकोश उघडा होता. पुढच्या कागदावर तारीख आणि नाव, बस. 'मला खुलासा करायचा आहे' या वाक्यालाच गाडं अडलं होतं. 'एक्सप्लिकार' म्हणजे समजावून सांगणं. ते मास्तरांनी करावं. 'आक्लारार'मध्ये आपण निर्दोष सुटल्याचा वास. 'देक्लारार' तर साक्षीदारानं पिंजऱ्यात उभं राहून करायचं.

"कुठवर आलं?" समोर मटार सोलत बसलेल्या हेमाताईंनी विचारलं.

"क्रियापद सापडत नाही."

"तेव्हाही नव्हतं सापडलं."

पत्रांतून वर्षानुवर्षं जोडलेला हा मित्र, एमिलिओ, दिवाळीआधी मुंबईत उतरला आणि त्यानं फोन केला होता. पलीकडून भरभर, हसरं स्पॅनिश. श्रीपादराव ती भाषा पुस्तकांतून शिकलेले. कुणाशी कधी बोललेले नव्हते. तोंडातून शब्द फुटेना. त्यांनी फोन ठेवला. परत वाजला, तेव्हा बंदच करून टाकला. "राँग नंबर," ते हेमाताईंना म्हणाले होते. पाहुण्यासाठी थापलेल्या नारळाच्या वड्या मग दोघांनीच संपवल्या.

"त्यानं खुलासा मागितलाय का?" हेमाताईंनी विचारलं.

"नाही."

"मग लिहिलंय तरी काय?"

"तुमचा नंबर मीच चुकीचा उतरवून घेतला असणार, म्हणतो. न भेटता परत गेलो, माफ करा, म्हणतो. आणि..." त्यांनी चष्मा काढून पुसला. "माझी तब्येत बरी आहे ना, विचारलंय."

हेमाताईंचा हात शेंगेवरच थांबला. "माफी त्यानं मागितली? आणि तुम्ही अजून डिक्शनरी चाळताय?"

श्रीपादरावांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्यांनी शब्दकोश मिटला. पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या धड्यात भेटलेलं, लहान मुलंही वापरतात ते क्रियापद घेतलं: 'देसिर'. सांगणं.

'तुला सांगतो. नंबर बरोबर होता. मी घाबरलो आणि फोन ठेवला. तब्येत बरी आहे.'

कच्चा खर्डा न करता लिहिलेलं हे त्यांचं पहिलंच पत्र.

संध्याकाळी दोघं पोस्टापर्यंत चालत गेले. लाल पेटीपाशी श्रीपादराव घुटमळले.

"'घाबरलो' चुकलंय बहुतेक."

"चुकू दे. फोन नंबर परत लिहिलात ना खाली?"

"त्याच्याकडे आहे तो बरोबरच आहे," श्रीपादराव म्हणाले आणि त्यांनी पाकीट आत सोडलं.