दार वाजवणारा चोर

"माझ्याकडे तर उघडतंय!" बाबा फोनवर पुन्हा ओरडले.

"तुमच्याकडे उघडून मला काय उपयोग? इथे नुसतं चाक फिरतंय!" पलीकडे, नुकतीच परगावी राहायला गेलेली लेक रडकुंडीला आली होती. तिची सगळी ड्रॉइंग्ज घरच्या सर्व्हरवर होती, आणि पाचच्या आत ती पाठवली नाहीत तर चालून आलेल्या नोकरीवर पाणी. परक्यांच्या कंपन्यांवर भरवसा नको, आपलं आपल्या घरात बरं, हा हट्ट बाबांचाच.

सर्व्हर म्हणजे जिन्याखालच्या कपाटातला जुना कॉम्प्युटर. त्यात प्रत्येक प्रोग्राम आपापल्या बंद कंटेनरात. घरात सगळे त्यांना डबेच म्हणत. फोटोंचा डबा, गाण्यांचा डबा, लेकीच्या ड्रॉइंग्जचा डबा. हा शेवटचा बाबांनी बंद करून चालू केला, राउटरची वायर उपसून परत खुपसली, पाणी प्यायला उठले आणि न पिताच येऊन बसले.

"सापडला!" ते एकदम म्हणाले. डब्याने अडवलेल्यांच्या यादीत एकच अनोळखी पत्ता, नुसते आकडे, पुन्हा पुन्हा, पान भरून. "कुणीतरी शिरायला बघतंय. त्यानेच सगळं तुंबवलंय. थांब लेका, कायमचाच हाकलतो तुला!"

आई मागे उभी होती. "अहो, चोर कधी दार वाजवतो का? विचारा तरी कोण आहे."

"तुला यातलं काय कळतंय?" बाबा खेकसले. पण बटणावरचं बोट थबकलं. त्या डब्याला नियम त्यांनीच लावला होता: घरातल्यांखेरीज कुणालाही आत घ्यायचं नाही. तेव्हा लेक वरच्याच खोलीत राहत होती.

"तुझ्याकडच्या इंटरनेटचा आयपी पत्ता, तो आकड्यांचा, काढ," ते फोनवर म्हणाले, "आणि वाच बघू."

ती वाचू लागली. अर्ध्यावरून पुढचे आकडे बाबांनीच म्हटले.

"अय्या, तुम्हाला कसं माहीत?"

बाबांनी तो नियम खोडून टाकला. "हं, आता बघ."

"उघडलं! बाबा, उघडलं!" ती किंचाळलीच. "काय झालं होतं हो?"

"काही नाही गं," बाबा म्हणाले. "मीच तुला बाहेरची धरून बसलो होतो."