डावी पाकळी

गुरवकाकांनी देवीच्या दोन्ही गालांवर जास्वंदीची एकेक पाकळी ओल्या बोटानं चिकटवली. "उजवी आधी पडली तर विहीर सरपंचांची, डावी पडली तर भामाची. कोर्टापेक्षा आईचा कौल मोठा!"

देवळातल्या सगळ्या माना डोलल्या. भामाच्या पुढ्यात केस मागे घेण्याचा कागद तयारच होता, वर शाईची डबीसुद्धा. एवढी घाई आईला, की सरपंचांना? तरी नवऱ्यानं घाम गाळून खणलेली विहीर तिनं आईच्या ओटीत घातली आणि डोळे मिटले.

बऱ्याच वेळानं उजवी पाकळी पडली.

"लावा अंगठा, वहिनी," सरपंच हसले. "आता आईशी भांडणार काय?"

भामानं अंगठा शाईत बुडवला आणि एकदा आईकडे पाहिलं. देवीच्या खांद्यावरून मुंग्यांची रांग चढत होती, थेट डाव्या गालाकडे.

"गुरवकाका, ही पाकळी पाण्यानं लावलीत, की गुळानं?"

काका बोटं धोतराला पुसू लागले.

भामानंही अंगठा पदराला पुसला आणि आईपुढे वाकली. "माझ्या बाजूनं साक्ष द्यायला गावात कुणी नव्हतं गं. तू एवढ्या जणी धाडल्यास!"