उंबऱ्याचा गुण

सरपंचपदाचा अर्ज भरून जालिंदर प्रचाराचा पहिला नारळ फोडायला थेट बनूमावशीच्या उंबऱ्यावर आला. गेल्या तिन्ही सरपंचांनी सुरुवात इथूनच केली होती, हे अख्ख्या शिंगणापूरला पाठ होतं. मावशीने त्याला ओवाळलं. नारळही एका दणक्यात फुटला. जालिंदर खूश झाला.

तेवढ्यात त्याला कोपऱ्यातली टोपली दिसली. ओल्या खोबऱ्याने काठोकाठ भरलेली.

"मावशे, एवढे नारळ कुनाचे गं?"

"सकाळधरनं चौघं येऊन गेले. तू पाचवा."

"आन् तू समद्यांनाच ओवाळलंस?"

"शनिदेवाच्या गावातलं घर हाय, बाबा. दारच न्हाई, तर कुनाच्या तोंडावर लावू?"

जालिंदरचा चेहरा उतरला. "मंग हितनं निघालेला निवडून येतो, ते खोटंच म्हनायचं का?"

मावशीने खोबऱ्याचा तुकडा त्याच्या हातावर ठेवला.

"निवडून आलेला पेढे घेऊन येतो, उंबऱ्याला लई गुन हाय म्हनतो. पडलेला कशाला येतोय सांगायला?"