दहापैकी नऊ

“सकाळी उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळानं लागते?” डॉक्टरबाईंनी विचारलं.

सोळा वर्षांची लेक छताकडे बघत राहिली. शेजारी बसलेल्या बापाचा जीव टांगणीला लागला होता. काल संध्याकाळी तिचं दप्तर जेवणाच्या टेबलावर उघडं पडलं होतं आणि आत, वह्यांच्या वर, सिगारेटचं पाकीट. तेही नेमकं त्याच्या आवडीचं. पोरगी बापाच्या वळणावर गेली, या विचारानं त्याचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. खरं तर त्यानं सिगारेट सोडून वर्ष झालं होतं. निदान घरात सगळे तसं समजत होते.

शाळकरी मुलांना निकोटीनची सवय किती जडली आहे, ते या दवाखान्यात मोजत. आधी प्रश्न, मग एका छोट्या यंत्रात फुंकर. लेकीनं यायला जराही आढेवेढे घेतले नाहीत. पत्तासुद्धा तिनंच शोधला. पोरीला पश्चात्ताप झाला असणार, एवढाच त्याला दिलासा होता.

“सांगता येत नाही,” ती म्हणाली.

“सांगता येत नाही काय? खरं बोल!” बाप उसळला. “डोळे उघडले की लागते, डॉक्टर. चहासुद्धा नंतर. त्याआधी धड काही सुचत नाही माणसाला.”

डॉक्टरबाईंनी लिहून घेतलं. “जिथं ओढायला बंदी असते, तिथं त्रास होतो?”

लेकीनं खांदे उडवले.

“त्रास? अहो, मीटिंग लांबली की नुसता जीव कासावीस होतो!” तो चपापला. “म्हणजे... तास. वर्गातला तास.”

“आणि आजारी असताना?”

“तापानं फणफणलं तरी सुटत नाही. पाण्याच्या टाकीमागं लपून, खोकत खोकत ओढायची.” मग तो मान खाली घालून म्हणाला, “सोडायचीच असते हो. रोज ठरवायचं आणि रोज स्वतःच्याच नजरेतून उतरायचं. फार वाईट असतं ते.” पोरीच्या वाट्याला हे सगळं या वयात आलं, म्हणून त्याला भडभडून आलं. लेकीनं छतावरची नजर काढून पहिल्यांदाच त्याच्याकडे पाहिलं.

“दहापैकी नऊ,” डॉक्टरबाई बेरीज करून म्हणाल्या. “सवय चांगलीच मुरली आहे.”

त्यानं कपाळाला हात लावला. गणितात कधी पाचाच्या वर न गेलेली पोर, आणि इथं नऊ!

मग लेकीनं यंत्रात फुंकर मारली. डॉक्टरबाईंनी आकडा पाहिला. नळी बदलून पुन्हा फुंकायला लावलं, पुन्हा पाहिला. मग चष्मा काढून त्या बापाकडे वळल्या.

“हिच्या श्वासात धुराचा मागमूस नाही. हे नऊ गुण हिचे नव्हेत.”

बाप कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. टेबलाखाली शिरता आलं असतं तर शिरला असता. डॉक्टरबाई हसू दाबत लेकीला म्हणाल्या, “पण बाळ, इथं अठराच्या आतल्यांनाच तपासतात. मोठ्यांचा दवाखाना पलीकडच्या रस्त्यावर आहे.”

“माहितीये,” लेक म्हणाली. “पण स्वतःसाठी तिथं ते कधीच गेले नसते. माझ्यासाठी बघा, कसे धावत आले.”